जयवंत क्लार्कचं एक पान

आमच्याकडे दहाव्याला माणूस फार चांगला असतो. नदीच्या घाटावर मांडव पडतो, खुर्च्या लागतात, माईकवाला "हॅलो, हॅलो" करतो आणि मग एकेक पुढारी उठून सांगायला लागतो, की मयत व्यक्ती अत्यंत कष्टाळू, प्रेमळ आणि मनमिळाऊ स्वभावाची होती. पिरंगुटच्या चौकात माझं टायपिंगचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे, त्यामुळे हे शब्द माझ्या बोटांना पाठ आहेत. बायकोला जन्मभर बडवणारा माणूसही मी स्वतःच्या हातानं मनमिळाऊ करून दिलेला आहे. घरचे सांगतील ते टाइप करायचं, आपल्या बापाचं काय जातं.

जयवंतकाकांना मात्र ते शब्द सहन होत नसत. ते खोऱ्यातल्या एका ग्रामपंचायतीत क्लार्क होते. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या चारजण दुकानावर येऊन हुज्जत घालतील. जन्माचं आणि मयताचं रजिस्टर काकांच्या हातात. उंच, पाठीत थोडे वाकलेले, खिशाला दोन पेनं: निळं रोजच्या कामाचं, काळं रजिस्टरचं. गावात कोणी गेलं की आठवड्याभरात घरचे लोक दाखल्याला यायचे. काका नाव, वय, तारीख, कारण असे रकाने भरायचे, काळ्या पेनाला टोपण लावायचे आणि विचारायचे, "बाकी म्हातारी कशी व्हती?" दाखल्याला आलेल्या माणसाला हे कोणी विचारत नाही. लोक तिथेच बाकड्यावर बसून तासतासभर बोलायचे.

२०१६ साली दादासाहेबांची आई गेली. दादासाहेब म्हणजे आमच्या खोऱ्यातलं मोठं प्रस्थ. कुठल्याही स्टेजवर तासभर बोलतील, पण आईवर बोलायचं म्हटल्यावर त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी काकांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "जयवंता, एक पान लिहून दे. एकच. लोकांना उनात बसवायचं न्हाई." वयानं काका त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. पण आमच्याकडे कोणी कोणाला अरे म्हणायचं आणि कोणी कोणाला अहो, हे वयावर ठरत नाही. घर गावाच्या कोणत्या अंगाला आहे यावर ठरतं, आणि काकांचं घर बौद्धवस्तीत होतं.

काकांनी एक पान लिहिलं आणि माझ्याकडे आणलं. आमची ओळख तेव्हाची. त्यात कष्टाळू नव्हतं, प्रेमळ नव्हतं. त्यात एवढंच होतं, की गावात मुक्कामी एसटी यायची तेव्हा ही बाई ड्रायव्हर-कंडक्टरसाठी रोज रात्री दोन भाकरी जास्त थापायची. पुढे रस्ता खराब झाला आणि मुक्कामी गाडी बंद पडली. तरी पुढची चार वर्षं ती दोन भाकरी जास्त थापत राहिली, आणि सकाळी डेपोला शिव्या घालत त्या कुत्र्याला घालत राहिली. दादासाहेबांचा पुतण्या कैलास, त्याचा आवाज चांगला, त्यानं घाटावर ते वाचलं. लोक हसले. दादासाहेब उपरण्यात तोंड घालून रडले. काका मागे, लावलेल्या मोटारसायकलींपाशी उभे होते. त्यांना पुढे कोणी बोलावलं नाही आणि तेही गेले नाहीत.

त्यानंतर प्रत्येक दहाव्याला जयवंत क्लार्कचं पान लागायला लागलं. भाताला पाऊस लागतो तसं. पान नसेल तर लोक म्हणायचे, घरच्यांनी हयगय केली.

एक गोष्ट होती. पान एक, आणि माणूस एका पानात मावत नाही. घाटावर वाचण्याजोगं तेवढं काका पानात घालायचे आणि बाकीचं घरी वहीत लिहून ठेवायचे. कोणाची सोयरीक का मोडली, कोण कोणाच्या बांधावर कशासाठी थुंकला, कोणाची सून माहेरी गेली ती का आली नाही. दादासाहेबांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. "चाळीस माणसं घे, चाळीस पानं लिही. मी पुस्तक काढतो," म्हणाले. चाळीस पानांचं ठरलं होतं. पण एका म्हाताऱ्याचं लिहायला जावं तर त्याचा भाऊ मधे यायचा, भावाचं लिहावं तर आलटून पालटून एकमेकांच्या शेतात राबणारा त्याचा पैरेकरी. मग २०२१चा एप्रिल-मे आला. घाटावर पाचच माणसांना परवानगी होती. पानं मोबाईलवर फिरायची आणि काका दिवसाला तीन-तीन पानं लिहायचे. ज्यांच्याबद्दल सांगायला घरात कोणी उरलं नव्हतं, त्यांचं त्यांनी मनानं रचून लिहिलं. तिथून त्यांचा हात सुटला. वह्यांची कादंबरी झाली. चाळीसाची पाचशे पानं झाली, पाचशेची सातशे, आणि मी ती सगळी टाइप करत होते.

मी टाइप केलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचे, चूक सापडावी म्हणून. ऐकायला काका असायचे, आणि बऱ्याचदा त्यांची बायको, अनुसयाकाकू. काकू शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. दुपारी भांडी घासून झाली की टेम्पोनं पिरंगुटला येऊन माझ्या बाकड्यावर बसायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. सही तेवढी यायची, तीही काकांनी शिकवलेली. पण कान असा, की मी भल्याभल्यांना टाइप करून दिलंय, तसा कान कोणाचा पाहिला नाही. मधेच हात वर करायच्या. "ती म्हातारी असं बोलत न्हवती. ती आदी शिवी द्यायची, मंग बोलायची." काका लगेच निळं पेन काढून शिवी घालायचे.

जिवंत माणसंही यायला लागली होती. ऐंशीच्या पुढची गंगूबाई तर स्वतःचं पान आधीच लिहून घेऊन बसली होती आणि दर महिन्याला त्यात बदल सांगायची. कधी जावेचं नाव काढा, कधी घाला. एकदा मला म्हणाली, "माज्या पानात मी लई गरीब दिसत्ये. जरा बरं लुगडं नेसीव." मी म्हटलं, आजी, नेसवते. आम्ही तिघं पोट धरून हसलो होतो. तेव्हा हसू येत होतं.

एकदा टाइप करता करता एका ओळीवर माझी बोटं थांबली. कादंबरीत एक क्लार्क होता आणि त्याची बायको होती. नावं वेगळी, पण मी काय दुधखुळी आहे. लिहिलं होतं, "त्यांची पहिली मुलगी बारशाआधी गेली." पुढचं वाक्य रोजगार हमीच्या कामाबद्दल होतं.

मी विचारलं, "काका, ही तुमची?"

त्यांनी चष्मा काढला. मग सांगितलं. १९९४चा जुलै. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून काकू मुळशीला, धरणाकाठच्या आपल्या माहेरी गेल्या होत्या. मुलगी झाल्याचा निरोप आला. बापानं बारशालाच जायचं, तेही अंगडं-टोपडं घेऊन, अशी रीत. काका तेव्हा नुकतेच ग्रामपंचायतीत चिकटले होते, रजाही मिळत नव्हती. ते बाराव्या दिवशी निघाले. पिशवीत झबलं होतं, घुगऱ्यांसाठी हरभरे होते. पोचले तेव्हा काकूंच्या वडिलांनी दारातच हातातली पिशवी काढून घेतली. मुलगी आदल्या दिवशी गेली होती, आणि तिला मूठमातीही देऊन झाली होती. काकांनी आपल्या पोरीचं तोंड पाहिलं नाही.

"नोंद?" मी विचारलं. मला दुसरं काय सुचणार.

"न्हाई केली," काका म्हणाले. "जलमाची न्हाई आन् मयताचीबी न्हाई. नाव न्हवतं ना ठेवलं."

नावाशिवायही जन्माची नोंद होते. हे मला कोणी शिकवलं, तर याच माणसानं. माझ्या पोराच्या वेळी हेच मला म्हणाले होते, "रेश्माताई, नाव मागनं घालता येतंय, नोंद आदी करा, मुदतीत करा." मी त्यांना ते बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं ते वेगळंच, आणि त्याची मला आज लाज वाटते. मी म्हटलं, "काका, हिला कशाला मारता? तुमच्या पुस्तकात आधीच मेलेल्यांशिवाय कोण आहे? हिला तरी जगवा. वाचणाऱ्याला बरं वाटेल."

त्यांनी चष्मा परत चढवला आणि कागद उचलले. पुढच्या आठवड्यात साठ पानं घेऊन आले. मुलीचं नाव मोनिका ठेवलं होतं. मोनिका रांगली, चालली, शाळेत पहिली आली, वादात एका पुढाऱ्याच्या पोराच्या कानाखाली वाजवून आली. नर्सिंगला गेली. महिनाभरानं मोनिकाची एकशे बारा पानं झाली. लिहिताना काका इतके खुशीत मी कधी पाहिले नव्हते. मी आपली पाठ थोपटून घेतली. पुस्तक आता नऊशेच्या घरात गेलं होतं.

मोनिकाचा पहिला भाग मी काकूंना वाचून दाखवला, २०२३च्या मार्चमध्ये, दुपारी. काकू बाकड्यावर, हात मांडीत. काका काउंटरला टेकून उभे, बायकोच्या तोंडाकडे बघत. बक्षिसाची वाट बघणाऱ्या पोरासारखे. काकूंनी एकदाही हात वर केला नाही. मी वाचायची थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, "ही मोनिका कोन?"

"आपली," काका म्हणाले. "पयली."

"ती न्हाई जगली."

"अगं, कादंबरी हाय अनू. कादंबरीत जगती."

काकू उठल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांचा आवाजही चढला नाही. "ती मेली ते लिव्हा," त्या म्हणाल्या. "अकरा दिस जगली ते लिव्हा. गावातल्या समद्या मड्यांचं लिव्हलं तुमी. त्या कोंबडीचोराचं आठ पानं लिव्हलं. माजी पोरगी अकरा दिस व्हती, तिचं कुटं काय हाय का? कागदावर न्हाई, रजिस्टरात न्हाई. आन् आता तिच्या जागी ही दुसरीच आनून बशिवली."

"पण अकरा दिवसांत काय असतंय, अनू? मी काय लिहू?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून गेलं, आणि मला वाटतं त्यांनाही ते ऐकू आलं. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमाला काय म्हाईत? तुमी व्हता का?" त्या म्हणाल्या. "तिला उजेड सोसायचा न्हाई. दिव्याकडनं तोंड फिरवायची. माजा आवाज आला की प्यायची थांबायची, ऐकायची, आन् मंग परत प्यायची. अकरा दिस लई असत्यात. मी तिला नावबी ठिवलं व्हतं. बारशाच्या आदी ठिवू नये म्हन्त्यात, म्हनून कुनाला सांगितलं न्हाई. पर मी तिला हाक मारायचे."

"काय नाव?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, फ्लेक्सच्या मशीनकडे पाहिलं, दारात झेरॉक्ससाठी उभ्या असलेल्या दोन पोरींकडे पाहिलं. "हितं दुकानात न्हाई," त्या म्हणाल्या. "घरी वही घिऊन बसा माज्यापाशी. बसाल तवा समदं सांगते. पयल्या दिसापास्नं."

काका म्हणाले, "बसू की." मला आठवतंय, ते खरंच म्हणाले.

आता मी त्या माणसाला शिव्या घालणार नाही. कारण नुसता आळस असता तर सोपं होतं. दादासाहेबांनी दिवाळीत प्रकाशनाचं ठरवून टाकलं होतं, त्याचा तगादा होता. गावात त्या उन्हाळ्यात सात माणसं गेली, सात पानं झाली. पण मुख्य गोष्ट वेगळी होती. हजार माणसांना "बाकी कशी व्हती" विचारणारा हा माणूस आपल्या बायकोला तेच विचारायला घाबरत होता. दुसऱ्याच्या दुःखासमोर वही उघडणं वेगळं. इथे पहिल्याच दिवसापासून प्रत्येक दिवसाला एकच उत्तर येणार होतं: तुमी न्हवता.

मी काकूंना दर भेटीत विचारायचे, "बसले का काका?"

"न्हाई अजून. गंगूबाईचं चाललंय."

एप्रिलमध्येही गंगूबाईचं चाललं होतं. मे महिन्यात कोणा सरपंचाच्या वडिलांचं. जूनमध्ये काकू म्हणाल्या, "म्हन्त्यात, तुजं काय, घरातलंच हाय, कवाबी व्हईल." आणि पदरानं कपाळ पुसत जरा हसल्या. त्या हसण्याचाच मला राग आला होता. मी काकांना फोन लावून दोन शब्द सुनवायला हवे होते. पण माझ्याकडे त्या दिवशी दोन फ्लेक्सची घाई होती.

शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात, खिचडीचे तांदूळ धुताना काकू पातेल्यावर वाकल्या आणि तशाच कलंडल्या. पुण्याला नेलं. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तीन आठवड्यांनी घरी आणलं, तेव्हा त्यांच्या तोंडून एकच आवाज येत होता, आणि भूक, तहान, दुखणं, माया, सगळं त्या एकाच आवाजात होतं.

मग काका बसले.

मी भेटायला गेले तेव्हा ते खाटेशेजारी स्टुलावर होते. मांडीवर नवी कोरी वही आणि हातात काळं पेन. त्यांचा मुलगा बुद्धभूषण हिंजवडीला कामाला आहे, तोही दारात उभा होता. मला पाहून त्यानं मान खाली घातली. काकांनी काय केलं होतं, तर ऑफिसातलं जुनं जन्माचं रजिस्टर काढून १९७० पासूनची गावातल्या सगळ्या मुलींची नावं उतरवून आणली होती. क्लार्क माणूस, त्याला दुसरी रीत माहीत नव्हती. नावं अ पासून ज्ञ पर्यंत लावली होती. रोज पंचवीस नावं. एक नाव घ्यायचं, थांबायचं, काकूंच्या तोंडाकडे बघायचं, पुढे खूण करायची आणि दुसरं नाव घ्यायचं.

"अलका?"

काकूंनी मान हलवली. नाही.

"अंजना?"

नाही.

मी अर्धा तास बसले असेन. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या, शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. काकांचा आवाज ऑफिसात दाखला द्यायला नावं पुकारतात तसा, सरळ. काकूंची मान प्रत्येक नावाला इकडून तिकडे. पंचविसावं नाव झालं तेव्हा काकांनी वही मिटली, वाटीतलं पाणी चमच्यानं त्यांना पाजलं आणि तोंड पुसलं. मला म्हणाले, "सापडंल. गावात असून असून किती नावं असणार." मी हो म्हटलं.

ऑगस्टमध्ये एके दिवशी त्यांचा फोन आला. एका नावाला काकूंनी मान हलवली नव्हती, डोळ्यांतून पाणी आलं होतं. मी दुकान तसंच टाकून गेले. दुसऱ्या दिवशी परत तेच नाव घेतलं, तर काकूंनी मान हलवली. नाही. मग तिसऱ्याच नावाला पाणी आलं. मग कोणत्याच नावाला नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना आता किती समजतंय हे सांगता येत नाही. कदाचित नावं कळत असतील, कदाचित नुसता आवाज कळत असेल. काकांनी यादी पहिल्यापासून परत सुरू केली.

शेवटी शेवटी काकू मानही हलवायच्या नाहीत. काकांनी नाव घेतलं की तोंड भिंतीकडे वळवायच्या. बुद्धभूषण एकदा ओरडला, "बाबा, आता बास करा. छळ लावलाय तुम्ही आईचा." काकांनी तेव्हा वही ठेवली. नंतर दोन महिने ते नुसते स्टुलावर बसून राहायचे, काकूंचा डावा हात हातात घेऊन. त्या दोन महिन्यांत काकू काय सांगू पाहत होत्या, हे त्यांचं त्यांना ठाऊक. डिसेंबरात, दुपारी, भात भरवताना काकू गेल्या.

दिवाळीचं प्रकाशन तसंच राहून गेलं. दादासाहेबांनी दुसऱ्याच कोणाचं तरी पुस्तक काढून त्याला मोठं करून टाकलं असेल, मला माहीत नाही. गंगूबाई ठणठणीत आहे.

काकूंच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीला, दोनशे तरी माणसं होती. गावच्या दोन्ही अंगांची, हेही सांगायला हवं. वंदना झाली, बोलणारे बोलले. मग सगळे काकांकडे बघायला लागले. ज्यांच्या ज्यांच्या घरात त्यांचं पान वाचलं गेलं होतं ती माणसं तिथे बसली होती आणि आज पान कसलं असेल म्हणून जरा पुढे सरकून बसली होती. काका उठले. खिशातून कागद काढला नाही. हात जोडले, एका अंगाकडे, मग दुसऱ्या अंगाकडे, आणि खाली बसले. लोकांना वाटलं, दुःखानं लिहवलं नसेल. कोणीतरी "बिचारा" म्हणालं. मला चीड आली, लोकांची की त्यांची ते आजही सांगता येणार नाही.

जेवणं झाल्यावर काका मांडवाच्या मागे काकूंच्या बहिणीपाशी गेले. लीलाबाई, मुळशीच्या. काकूंपेक्षा चार वर्षांनी लहान. मी खरकटी ताटं उचलत होते, म्हणून ऐकलं.

"लीला, त्या वक्ताला तू घरीच व्हतीस ना?"

"व्हते की दाजी. लगीन व्हायचं व्हतं माजं."

"अनू त्या पोरीला काय हाक मारायची?"

लीलाबाईंनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, डोळे मिटून. "आवणीचे दिस व्हते वो," त्या म्हणाल्या. "आमी समदीच लोकांच्या भाताला. उजाडायच्या आदी चिखलात उतरायचं, ते दिवा लागल्यावर घरी. खोलीत त्या दोघीच असायच्या. मी भायेर हातपाय धुताना अनूचं बोलनं कानावर यायचं. सारकी बोलायची पोरीशी. लई बोलायची. पर काय बोलायची ते..." त्यांनी डोळे उघडले. "आमी दमल्याली असायचो, दाजी. कोन ध्यान देतंय."

"आन् आई?"

"आईला जाऊन पंधरा वर्सं झाली."

काकांनी लीलाबाईंच्या हातात चहाचा कप दिला आणि विचारलं, "गाडी हाय ना जायला?"

माझ्या दुकानात ते आले ते एकदम फेब्रुवारीत. निवृत्त झाले होते. खिशाला एकही पेन नव्हतं. मला वाटलं, पुस्तक पुरं करायला आले असतील, म्हणून मी फाइल उघडली. नऊशे चौदा पानं.

"मोनिका काढा," ते म्हणाले.

"सगळी?"

"समदी."

मी काढली. रांगणं काढलं, शाळा काढली, कानाखाली वाजवलेली काढली, नर्सिंगचा पांढरा युनिफॉर्म काढला. एकशे बारा पानं जायला एक क्षण लागला. मग मी म्हटलं, "काका, हिला जगवा असं मीच म्हटलं होतं. चूक माझी होती."

"न्हाई, रेश्माताई," ते म्हणाले. "तुमी म्हणाला ते मला सोपं वाटलं. तिनं सांगितलं ते अवघड व्हतं. दोन्ही मला कळत व्हतं."

मी विचारलं, मधे रिकामी जागा राहिलीय, तिथे काय घालू. त्यांनी खुर्ची ओढली, पडद्याकडे तोंड करून बसले आणि सांगायला लागले. नोंद सांगतात तसं, एकेक शब्द थांबून, मला लिहिता यावं असं.

"अनुसयाला पहिली मुलगी झाली."

मी लिहिलं.

"ती अकरा दिवस जगली."

मी लिहिलं आणि थांबले. बाहेर चौकात कंपनीच्या शिफ्टच्या बस सुटायची वेळ झाली होती, हॉर्न वाजत होते. मी वळून पाहिलं तर ते रडत नव्हते. पुढचं वाक्य त्यांनी बहुतेक घरूनच ठरवून आणलं होतं.

"तिचं नाव तिच्या आईला माहीत होतं. बापानं ते मुदतीत विचारलं नाही."